कचेरीच्या वाटेवरचं अलिबाग

मांडव्याला लाँचमधून उतरलं की तिकिटातच मिळणारी बस अलिबागला आणून सोडते. तिथून रिक्षा पकडून पर्यटक समुद्र गाठतो. मधली पेठ त्याच्या लेखी नुसती गर्दी. माझं म्हणणं असं, की अलिबाग समजायचं तर या गर्दीतूनच चालायला हवं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये कुलाबा किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, संभाजी महाराजांनी ते पुरं केलं आणि पुढे आंग्र्यांचं आरमार तिथून हललं. पण पाण्यातल्या किल्ल्यावर पेठ वाढायची कशी? कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये किनाऱ्यावर हिराकोट उभारला, भोवती वस्ती सावरली. १८४० मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं, १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला आणि गावाला कचेऱ्या, कोर्ट, वकील मिळाले. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. कोर्टाची तारीख आणि कलेक्टर कचेरीतली खेप मात्र चुकली नाही. खानावळी या वर्दळीवर पोसल्या जातात, त्यांना पर्यटकांच्या मोसमाची वाट पाहावी लागत नाही. बांगड्याचं कालवण, तळलेला बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि दिवस असतील तेव्हा गोडसर पांढरा कांदा: दुपारी काम उरकून शेवटची एसटी गाठायची असलेल्या माणसाचं हे पोटभर जेवण आहे. तो कांदा आता भौगोलिक मानांकन घेऊन मिरवतो. पातीची वेणी घालून बांधलेल्या त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात.

यावर कोणी म्हणेल, तुरुंग आणि कचेऱ्या यांत बघायचं काय? हिराकोटात जिल्हा कारागृह आहे, म्हणजे हौसेने आत जायची सोय नाही, हे खरंच. पण मुंबईचा कोट १८६० च्या दशकात पाडला गेला आणि फोर्ट हे नुसतं नाव उरलं. इथे कोट अजून सरकारी कामात जुंपलेला आहे, आणि मला तरी हे जास्त बोलकं वाटतं. मुंबईच्या वाढीची झळही या गावात दिसते. तिथे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये ते काम इथे आलं आणि त्यासाठीच्या इमारतींतून लोखंडाला मज्जाव झाला. बाजारालगतच्या इस्रायल आळीत १८४८ चं मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना कोकणाने शनवार तेली म्हटलं. त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले, तरी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात गोड पोहे आणि ओलं खोबरंच असतं. धर्म दूरचा, जिन्नस इथल्या वाण्याकडचे.

जुनी कौलारू घरं जाऊन सिमेंटच्या इमारती आल्या, आता पाहायला उरलं काय, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र गावाची मांडणी घरांबरोबर पडत नाही. किल्ला, कोट, कचेरी, बाजार आणि सिनेगॉग अजून चालत गाठण्याच्या अंतरात आहेत. फक्त किल्ल्यावर पायी जायचं तर ओहोटी हवी. खरी अडचण सुट्टीवाल्यांची आहे: शनिवारी साबाथ म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शनिवार-रविवार दोन्ही दिवस कचेऱ्या बंद, त्यामुळे या दोन दिवसांच्या पाहुण्याला पेठेचा चालता कारभार दिसतच नाही. त्यावर एकच इलाज, शुक्रवारची रजा टाकणं.