तीन दिवसांचें तंजावर

३४ वर्षें मीं एका तालुक्याच्या गांवीं इतिहास आणि संस्कृत शिकविलें. दरवर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर शिवछत्रपतींच्या कर्नाटकच्या स्वारीचा पाठ येई. फळ्यावर खडूनें मी कावेरी काढीत असें, तिच्या उत्तरेस कोळ्ळिडम् नदीची दुसरी रेघ ओढीत असें, आणि त्या रेघेच्या कांठीं एक टिंब देऊन सांगत असें, “मुलांनो, येथें तिरुमळवाडीस १६७७ सालीं शिवाजीमहाराज व त्यांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांची भेट झाली.” एके वर्षीं पहिल्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, तुम्ही पाहिलं आहे का तें गांव?” मीं तिला शांत बसावयास सांगितलें. शिक्षकाजवळ उत्तर नसलें म्हणजे तो शिस्तीचा आश्रय करतो, हें वाचकांपैकीं जे माझे व्यवसायबंधु असतील त्यांस ठाऊक आहेच.

निवृत्त होऊन आतां ८ वर्षें झालीं. यंदा चिरंजीवांनीं मनावर घेतलें आणि येत्या माघांत आम्हां उभयतांस तंजावरास पाठविण्याचें ठरविलें. पुण्याहून चेन्नई हा जवळजवळ एका दिवसाचा प्रवास, आणि तेथून पुढें रात्रीची गाडी. तिकिटें घरबसल्या फोनवर निघालीं. गांवांत राहावयाचे दिवस मात्र तीनच. तेव्हां ते तीन दिवस कसे खर्चावे हा प्रश्न माझ्याकडे आला, आणि मीं तो मोठ्या उत्साहानें हातीं घेतला.

माघ मीं विचारपूर्वक निवडला होता. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरतो; पण त्या प्रांतीं ईशान्येचा पाऊस आश्विन-कार्तिकांतच जोर धरतो आणि मार्गशीर्षापर्यंत पडत राहतो. चैत्र-वैशाखांत ऊन असह्य होतें. पौष वद्य पंचमीस जवळच्या तिरुवैयारूस संगीतकार त्यागराजांची आराधना असते, तेव्हां उतरण्यास जागा मिळणें कठीण. ती गर्दी ओसरल्यावर माघ लागतो. एवढें ठरल्यावर मीं जुनी वही काढली, पट्टीनें रेघा ओढल्या, आणि शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें तासिका पाडल्या.

पहिल्या दिवशीं सकाळीं राजराज चोळानें बांधविलेलें आणि १०१० सालीं पूर्ण झालेलें बृहदीश्वराचें देऊळ. दुपारीं भोसल्यांचा राजवाडा व सरस्वती महाल ग्रंथालय. सायंकाळीं शिवगंगा बागेजवळचें श्वार्ट्झचें देवालय. दुसऱ्या दिवशीं पहाटे गंगैकोंडचोळपुरम्, मग दारासुरम्, मग कुंभकोणम्. तिसऱ्या दिवशीं तिरुवैयारू, तिरुमळवाडी, रामदासी मठ आणि परतीची गाडी. एकंदर १४ स्थळें झालीं. चौतीस वर्षांत इतकें घट्ट वेळापत्रक मीं केलें नव्हतें, आणि मला त्याचा अभिमानहि वाटला.

रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां मीं तें वाचून दाखविलें. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, घोडे कुठं बदलणार?” सूनबाईंनीं विचारलें, “सांबार म्हणे संभाजीराजांच्या नांवावरून आलं, तें तंजावरचंच ना?” मीं सांगितलें कीं, तसें लोक सांगतात, पण त्या आख्यायिकेस पुरावा नाहीं. नातू म्हणाला, “आजोबा, त्या देवळाची सावली जमिनीवर पडतच नाही असं मीं वाचलं आहे.” सावली पडते. शिखर सुमारे २०० फूट उंच असलें तरी तें खालीं रुंद आणि वर निमुळतें आहे. म्हणून सूर्य डोक्यावर असतां सावली बरीचशी त्याच्याच अंगावर पडते, आणि लोक सरसकट बोलून जातात. नातवाची परीक्षा असल्यामुळें तो येऊं शकत नाहीं. “मग सकाळीं आठ वाजतां फोटो काढून आणा,” असें त्यानें मला बजावलें. मला तो विद्यार्थी पसंत पडला.

सौ. तांदूळ निवडीत बसली होती. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि सूप बाजूस ठेवून विचारलें, “आणि यांत बसायचं कधीं?”

मंडळी हंसलीं. मीहि हंसलों. पण रात्रीं मला झोंप आली नाहीं.

आमच्या संसारास ४२ वर्षें झालीं. घरांत नेहमीं दहाबारा पानें. या अवधींत हिचे प्रवास मोजावयास एका हाताचीं बोटें पुरतात. पुतणीच्या लग्नास नागपूरला गेलों, तेव्हां हिचे चार दिवस मुदपाकखान्यांत गेले. गाणगापुरास गेलों, त्या वेळीं माझी आई बरोबर होती आणि तिला ताप भरला. मी संगमावर जाऊन स्नान करून आलों, पादुकांचें दर्शन घेतलें. ही धर्मशाळेंत आईच्या उशाशीं बसून राहिली. परत आल्यावर मीं तिला सर्व वर्णन करून सांगितलें, आणि चांगलें सांगितलें असेंच मला आजवर वाटत होतें. कोणी विचारलें तर ती म्हणते, “गाणगापूर पाहिलं आहे.” त्या रात्रीं मीं अंधारांत तिला विचारलें, “गाणगापूर तुला खरंच आठवतं का?” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं तेवढं आठवतं.”

तिच्या आवाजांत तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देतां आलें असतें. आतां तिचे गुडघे दुखतात. एका डोळ्याचा मोतीबिंदु काढला आहे, दुसऱ्याचा काढावयाचा आहे. पुन्हां कधीं एवढा दूरचा प्रवास घडेल असें आम्ही दोघेंहि धरून चालत नाहीं. आणि मीं तिच्यासाठीं १४ तासिकांचें वेळापत्रक केलें होतें!

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं वही घेऊन तिच्याजवळ बसलों आणि विचारलें, “तुला काय पाहायचं आहे?” हा प्रश्न तिला नवीन होता. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, “संध्याकाळीं देवळाच्या आवारांत निवांत बसायचं. आणि तुम्ही म्हणतां ना, तिथं भिंतीवर मराठींत लिहिलं आहे? तें बाळबोधींत आहे कीं मोडींत?”

बाळबोधींत आहे. सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसलेकुलाचा इतिहास त्या देवळाच्या प्राकारांत, नैर्ऋत्य बाजूस, दगडावर कोरविला. मराठींतील अतिशय मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

“मग तो मी स्वतः वाचीन,” ती म्हणाली. “तुम्ही सांगूं नका.”

वहींतील तें पान मीं फाडलें. नव्या पानावर जें लिहिलें तें, आमच्या वयाचीं कोणी मंडळी जाणार असल्यास उपयोगी पडेल म्हणून, येथें देतों.

दुपार ही विश्रांतीसाठीं राखली. दक्षिणेंतील देवळें बहुधा माध्यान्हीं दर्शनास बंद होतात. शिवाय वहाणा बाहेर ठेवाव्या लागतात आणि तापलेल्या फरशीवरून चालणें म्हाताऱ्या पायांस झेपत नाहीं. म्हणून मोठें देऊळ पहिल्या दिवशीं सायंकाळीं आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं, असें दोनदां ठेविलें. सायंकाळीं नंदीजवळ किंवा जेथें गुडघे म्हणतील तेथें बसावयाचें. सकाळीं उजेड चांगला असतां शिलालेख, आणि आठ वाजतां नातवाची सावली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं राजवाडा व सरस्वती महाल. हा संग्रह मूळ नायक राजांच्या वेळचा. सरफोजीराजांनीं तो वाढविला. काशीयात्रेस गेले असतां तेथूनहि त्यांनीं ग्रंथ आणविले. ताडपत्रांवरील व कागदावरील हस्तलिखितांत संस्कृतांचा भरणा मोठा. मराठी पोथ्याहि ३,००० हून अधिक आहेत. सामान्य प्रेक्षकास संग्रहालयांत मांडलेला थोडा भागच दिसतो, पण तेवढा पुरे. त्याच राजानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत देवनागरी खिळे पाडवून छापखाना चालविला आणि इसापाच्या गोष्टी मराठींत छापविल्या. ग्रंथालयाची सुटी कोणत्या वारीं असते हें मात्र निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

त्याच सायंकाळीं श्वार्ट्झचें देवालय. श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी, सरफोजींचा बाळपणींचा शिक्षक. तो १७९८ सालीं वारल्यावर राजानें फ्लॅक्समन नांवाच्या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तेथें बसविलें. मरणोन्मुख गुरूच्या शय्येजवळ शिष्य आला आहे, असा तो देखावा आहे. धर्म निराळा, देश निराळा, पण शिष्यानें गुरूची आठवण ठेविली. निवृत्त मास्तरास हें शिल्प पाहण्याचा मोह आवरत नाहीं, म्हणून ही एक तासिका माझी.

तिसऱ्या दिवशीं दुपार कलल्यावर तिरुवैयारू. अंतर सुमारे १३ किलोमीटर. तेथें कावेरीच्या तीरीं त्यागराजांची समाधि आहे. रात्रीं परतीची गाडी.

तमिळ वाचतां येत नसल्यामुळें उतरण्याच्या जागेचा पत्ता तमिळ लिपींत लिहून घेऊन जवळ ठेवावा, ही सूचना चिरंजीवांची. तंजावरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं मराठी बोलणारीं घरें अजून आहेत. त्यांच्याकडे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतें का, हा सौ.चा प्रश्न. मीं म्हटलें, तो तूंच विचार.

गंगैकोंडचोळपुरम्, दारासुरम् व कुंभकोणम् हीं नांवें मीं गाळलीं. दारासुरम् गाळतांना वाईट वाटलें. तिरुमळवाडीवरहि रेघ मारली, आणि ती रेघ मारतांना हात अडखळला, हें कबूल करतों.

ती रेघ हिनें पाहिली. “तें टिंबाचं गांव ना?” तिनें विचारलें. फळ्यावरच्या टिंबाची गोष्ट मीं तिला कधीं काळीं सांगितली असावी. “तिथं पाहायला काय आहे?”

“नदी,” मीं म्हटलें. “जुनं शिवालय आहे. भेटीचं असं कांहीं नाहीं. थोरल्यानं बापाच्या दौलतींतला अर्धा वांटा मागितला, धाकटा रातोरात नदी ओलांडून तंजावरास निघून गेला.”

“म्हणजे घरोघरचंच,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशीं नाहीतरी नदीच पाहायची आहे. थोडं पुढं जाऊं. मी गाडींत बसून राहीन, तुम्ही उतरून पाहून या.”

“नाहीं,” मीं म्हटलें. “उतरायचं तर दोघांनीं. नाहीतर जायचं नाहीं.”

तिनें पेन्सिल घेतली आणि माझ्या रेघेखालीं तिरुमळवाडी हें नांव पुन्हां लिहिलें. सातवीपर्यंत शिकलेल्या हाताचें तें अक्षर वळणदार आहे. मीं तें फारसें कधीं पाहिलेलें नव्हतें. तिरुवैयारूस अर्धा तास कमी बसावें लागेल. तें तिला चालेल, असें ती म्हणते.

निघण्यास अजून तीन आठवडे आहेत. सूनबाईंनीं स्वयंपाकघराचा ताबा आतांपासूनच घेतला आहे. नातवानें त्याचें भिंग आजीस दिलें आहे. रोज दुपारीं चांगल्या डोळ्यापुढें तें धरून ती एक जुनी पोथी मोठ्यानें वाचते. दगडावरची अक्षरें झिजलेलीं असतील, तेव्हां संवय हवी, असें तिचें म्हणणें. मधून मधून एखादें जोडाक्षर अडतें. मी पलीकडच्या खोलींत असतों; शब्द ओठांवर येतो, पण मी बोलत नाहीं. थोड्या वेळानें तिचें तिलाच तें लागतें.