गाडलेली मुदत ठेव

आम्ही कॉमर्सवाले. वायूंशी आमचा संबंध सिलिंडरचा नंबर लावण्यापुरता. पण हवेतल्या प्राणवायूचा हिशेब वाचनात आला आणि म्हटलं, अरे, ही तर आपलीच खतावणी!

पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. त्यातला जवळजवळ निम्मा काळ हवेतल्या प्राणवायूची शिल्लक शून्यातच जमा. मग समुद्रातल्या निळ्या-हिरव्या जीवाणूंनी ऊन, पाणी आणि कार्बन डाय ऑक्साइड यांवर पोट भरायचा धंदा काढला. प्राणवायू हा त्यांचा टाकाऊ माल. पण तो हवेत पोचेल तर ना! पगार हातात पडण्याआधी सोसायटीचा हप्ता कापला जावा, तसं समुद्रात विरघळलेलं लोखंड तो अडवून बसायचं आणि गंजून तळाशी जायचं. ऑस्ट्रेलियात हॅमर्सलीला खणतात ते लोहखनिज म्हणजे बव्हंशी त्या जुन्या देण्याच्या पावत्या.

देणी फिटता फिटता, सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, हवेत शिल्लक दिसू लागली. जुन्या जीवाणूंना मात्र ते विषच. बिचारे चिखलात दडले. त्यांचे भाऊबंद आजही गोबरगॅसच्या टाकीत दार लावून बसलेले असतात.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या सोसायटीचे चेअरमन पिंपळाकडे बोट दाखवून म्हणतात, "हा आपल्याला प्राणवायू देतो!" मी म्हटलं, "साहेब, याची पानं कुजली की दिलेला बहुतेक सगळा परत उचलतात. दुहेरी नोंद आहे ती!"

"म्हणजे तोडायचा?"

"छे हो! माझी स्कूटर कुठे लावू?"

शिल्लक राहते ती न कुजता गाळात गाडल्या गेलेल्या पानांची, शेवाळाची. आज हवेत 21 टक्के प्राणवायू आहे, तो या मुदत ठेवीपोटी. दगडी कोळसा हा तिचाच एक लहानसा भाग.

तो आपण गेली दोन-अडीचशे वर्षं उकरून जाळतोय. प्राणवायूच्या एवढ्या मोठ्या खात्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण समोरचं कार्बन डाय ऑक्साइडचं खातं पडलं गरिबाचं. 10 लाख भागांत 280 भाग होता तो 420 च्या वर गेला. दीडपट!

मुदतीआधी ठेव मोडायची तर आमच्या बँकेत निदान अर्ज लागतो. ठेव स्वतःच्या नावावर आहे का, हेही विचारतात.