कोपऱ्यातली जोडणी

ओसाकातील नोकरीच्या काळात माझ्या यजमानांना ‘गो’ या खेळाचा नाद लागला आणि परतताना पटही पुण्यास आला. 19 उभ्या व 19 आडव्या रेघा. त्यांच्या 361 छेदांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवायच्या. ठेवलेली सोंगटी पुन्हा सरकवायची नाही. डाव बहुधा कोपऱ्यातून सुरू होतो, कारण तेथे दोन बाजूंनी पटाची कड आयती मिळते. कोपऱ्यातील रूढ चालींच्या क्रमास जपानीत ‘जोसेकी’ म्हणतात.

यजमानांनी शिकलेला एक दंडक असा : प्रतिस्पर्ध्याची सोंगटी चौथ्या रेघांच्या छेदावर असेल, तर आरंभीच तिच्याखाली तिसऱ्या रेघांच्या छेदावर शिरू नये. कोपरा मिळतो, पण समोरच्याची बाहेर भक्कम भिंत उभी राहते. मार्च 2016 मध्ये सेऊल येथे ‘अल्फागो’ने ली सेडोल यांना 4-1 असे हरवले. त्याच्या पुढच्या आवृत्तीने हीच वर्ज्य चाल आरंभी खेळून दाखवली. मर्म एका न केलेल्या गोष्टीत होते. कोपऱ्यात शिरलेला खेळाडू पूर्वी दुसऱ्या रेघेवर वळून जोडणी करी आणि त्याने समोरची भिंत अधिकच पक्की होई. आता ती जोडणी राखून ठेवतात. भिंतीत उणीव राहते.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कंपवात जडलेला असताना, यजमान हे नव्याने शिकत आहेत. हात थरथरला की मांडलेल्या सोंगट्या विस्कटतात. म्हणून ते जागा सांगतात, मी दोन्ही रंग मांडते. सकाळच्या गोळीचा अंमल असतो तेवढा पाऊण तास आम्ही यासाठी राखला आहे. याने स्मरणशक्ती वाढते का, असे परिचित विचारतात. मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. उरलेला दिवस मी त्यांना विचारत असते : पाणी प्यायलात का, काठी घेतलीत का? पटापाशी मात्र ते मला शिकवतात, प्रसंगी रागावतातही.

नवी चाल त्यांनी स्वीकारली, पण जोडणी सोडवेना. “मला न दिसणारी उणीव मी वापरू कशी?” हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो. पांढऱ्या बाजूने मी खेळत असल्यामुळे पक्की भिंत माझ्याच पथ्यावर पडते, ही गोष्ट वेगळी.

परवा त्यांनी जोडणी प्रथमच राखून ठेवली. काही चालींनंतर माझ्या भिंतीस खिंडार पडले. मी विचारात पडले, तोच पुढच्या गोळीची वेळ झाली. त्यांनी ती निमूट घेतली, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “हं, आता सांग, कुठे ठेवतेस?”