टाचेला हात कोण लावणार?

सात महिने माझी डावी टाच दुखत होती. या काळात दोन खासगी डॉक्टरांनी पायाला हात न लावता औषध दिलं. पहिल्यांनी युरिक ॲसिड तपासायला लावलं. ते नॉर्मल आलं, तरी वाताच्या गोळ्या. दुसऱ्यांनी एक्स-रेवर बोट ठेवून 'हाड वाढलंय' म्हटलं आणि इंजेक्शनचा दर सांगितला. नाही थांबलं तर ऑपरेशन.

हात न लावण्याचा अर्थ आपल्याला लगेच वेगळा लागतो. पण इथे मला जात नाही, घाई दिसली. शिवाय एक्स-रे आणि इंजेक्शनचे पैसे लावता येतात, प्रश्न विचारण्याचे येत नाहीत.

निदान झालं सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत. बाहेर दीडशे माणसं असताना तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "ताई, सगळ्यात जास्त कधी दुखतं?" सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं. मग मोकळं होतं, दिवसभर वस्त्या फिरले की संध्याकाळी पुन्हा. मुंग्या, जळजळ? नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने ठोकून त्याने नस दबलेली नाही ना, ते पाहिलं. मग टाचेखाली आतल्या अंगाला दाबलं आणि मी ओरडलेच. प्लांटर फॅसायटिस. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा जाड पट्टा टाचेपाशी दुखावलेला. आणि वाढलेलं हाड? तसं हाड न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं, म्हणाला.

उपचार म्हणजे पोटरीला आणि तळपायाला रोज ताण देणं, अंथरुणातून उतरण्याआधी बोटं हाताने वर ओढणं, घरातही मऊ टाचेची चप्पल. महिने लागतात, हे त्याने आधीच सांगितलं. मला चार लागले.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी कंत्राटी सफाई कामगार आहेत. त्यांचंही हेच निदान झालं, पण त्यांच्या कागदावर 'उभं राहणं टाळा' असंही लिहिलंय. झाडू हातात घेऊन ते कसं टाळायचं? ईएसआयमध्ये विमेदार कामगाराला प्रमाणित आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. १९४३ साली, बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना, या विम्याची योजना आखण्याचं काम अदारकरांकडे सोपवलं गेलं आणि १९४८ मध्ये कायदा झाला. म्हणून केसपेपरवर रोगाचं नाव लिहून घ्या. 'पाय दुखतो' एवढ्यावर रजा मिळत नाही.

मावशींच्या पगारातून ईएसआय कापलं जातं. विमा क्रमांक मात्र ठेकेदाराने त्यांना अजून दिलेला नाही. तो मागणारा अर्ज सोमवारी देतोय, अकरा जणींच्या सह्यांचा.