न्यूट्रल तुटतो तेव्हा

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. सगळं काम घरच्या संगणकावर, त्यामुळे विजेच्या लहरी मला पाठ आहेत. मे-जूनमध्ये आंधी आली की कुठेतरी फांदी तारेवर पडते. रात्री सगळीकडचे एसी सुरू झाले की ट्यूब फडफडायला लागते.

लाईट जाण्याचं मला फारसं भय नाही. ३१ जुलै २०१२ च्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड एकदम कोसळली. साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली, दिल्लीची मेट्रो थांबली. आमच्या घरी यूपीएस किरकिरला, मी फाइल सेव्ह केली, मशीन बंद केलं. एवढंच.

नुकसान झालं ते एका पावसाळी दुपारी, घरात लाईट असताना. ट्यूब एकाएकी पांढरीफटक झाली, पंखा सुसाट फिरू लागला आणि टेबलाखालून जळका वास आला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. समोरच्या भाभी दारात आल्या. त्यांच्याकडे उलटाच प्रकार, बल्ब काजव्यासारखा मिणमिणत होता. बिजलीवाल्याने मीटर लावला तर आमच्याकडे तीनशे व्होल्टच्या वर आकडा. ‘न्यूट्रल उड़ गया है जी,’ तो म्हणाला. तोवर यूपीएस आणि संगणकाचा पॉवर सप्लाय, दोन्ही गेले होते.

हे का होतं ते मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. सामाईक न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्या घरात एसी, फ्रिज, गीझर चालू, त्याच्या वाट्याला कमी. ज्या घरात फक्त पंखा आणि संगणक, त्याच्या वाट्याला जास्त. भाभींचा एसी चालू होता, आमच्याकडे माझं मशीन. आणि एमसीबी? तो जास्त करंट ओढला गेला की पडतो. नुसत्या वाढलेल्या व्होल्टेजला तो अडवत नाही. घरोघरी एमसीबीवर जो विश्वास टाकलेला असतो, तो या बाबतीत चुकीचा आहे हे मला ठामपणे सांगायचं आहे.

आता आमच्या बोर्डात एमसीबीच्या शेजारी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर आहे. आकडा साधारण २७० च्या वर गेला की तो लाईन तोडतो आणि सगळं ठीक झाल्यावर थोडं थांबून मग जोडतो. हे थांबणंही कामाचं, कारण लाईट परत येताच सगळ्यांचे फ्रिज-एसी एकदम उठतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं.

त्याच्या मागे यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास भार पेलतो. आतल्या बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर संगणक आणि मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं चालतात. फाइल सेव्ह करायला तेवढी पुरतात, पान पुरं करायला नाही. लेझर प्रिंटर त्याच्यावर कधी लावू नये. दिल्लीच्या उन्हाळ्यात ही बॅटरी लवकर मरते, म्हणून यूपीएस खिडकीच्या उन्हातून हलवला. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असू द्या; साध्या मोडमध्ये तो वेळ लावतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं.

पण नवं यंत्र विकत घेण्याआधी भिंतीतला प्लग तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरिंग, न्यूट्रलचा जोड आणि अर्थिंग आधी दुरुस्त करून घ्या, मगच संगणक लावा.