अभिलेखावरचे विश्वस्त

"दान द्यायचंय का धाड घालायचीय?" आमच्याच एका ऑपरेटरनं मला सगळ्यांदेखत विचारलं आणि अख्खं मशीन शॉप हसलं. मला ते हसणं अजून सलतं. मंडईत वांगं चार वेळा दाबून बघणारी ही माणसं, पण संस्थेला हिशोब विचारायचा म्हटलं की त्यांना पाप वाटतं.

गोष्ट 2021 च्या पुराची. आमचं सांगलीचं कुपवाड उंचावर आहे. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हाही एमआयडीसीतली आमची मशिनं कोरडीच होती, फक्त सांगलीवाडी आणि गावभागातली पोरं कामावर येईनाशी झाली. त्या साली मदतीचा इतका लोंढा आला की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले. आम्हीही एक दिवसाचा पगार दिला होता. तो कुठं गेला हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 54 फुटांच्या वर चढलं आणि पुन्हा एक दिवसाचा पगार द्यायचं ठरलं. मालक म्हणाले, जेवढे जमतील तेवढीच भर मी घालतो. पैसे पूरग्रस्त पोरांच्या वह्या-दप्तरांसाठी. मी म्हटलं, संस्था आधी बघून घेऊ. झालं, ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिल्या संस्थेचं ऑफिस चकाचक. गुळगुळीत पुस्तिका, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, नोंदणीचा दाखला चौकटीत. मी विचारलं, 2019 ला किती जमले, कशावर गेले? उत्तर आलं, "आमच्याकडं ऐंशी जी आहे." ऑडिट बघायला मिळेल का? "ऐंशी जी आहे ना साहेब." आता ऐंशी जी म्हणजे देणाऱ्याला आयकरात मिळणारी सवलत. तिचा आणि वह्या पोरांपर्यंत पोचण्याचा काय संबंध? शेवटी ऑडिट दाखवलं खरं. न्यासाच्या जमाखर्चाच्या पत्रकात दोन गोष्टी वेगळ्या दाखवाव्या लागतात. एक, उद्देशांवरचा खर्च, म्हणजे शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य वगैरे. दुसरी, आस्थापना खर्च. एवढं एक पान वाचता आलं तरी निम्मी चौकशी होते. यांचा आस्थापनेचा आकडा चांगलाच फुगलेला होता. "प्रसिद्धी लागतेच," ते म्हणाले.

दुसरी संस्था नदीकाठच्या एका गावातली, जुनं विद्यार्थी वसतिगृह चालवणारी. तिचे चिटणीस निवृत्त मास्तर. त्यांनी काही विचारायच्या आधीच 2019 ची साठा-वही पुढं ठेवली. पुरात भिजून वाळलेली, पानं अशी फुगलेली की वही मिटत नव्हती. प्रत्येक चादरीपुढं घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. एका ओळीत लिहिलेलं, 'चादरी 2 परत, दुसरीकडून मिळाल्या म्हणून.' पुराची मदत परत केल्याची नोंद मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

मग मी पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, उतारा मागितला. धर्मादाय कार्यालयात प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंद असते, विश्वस्तांची नावं त्यात असतात. मास्तरांनी उतारा दिला आणि म्हणाले, "यातले बहुतेक वर गेले." अध्यक्ष वारलेले, उपाध्यक्ष वारलेले, चिटणीस म्हणून तिसऱ्याच मयत माणसाचं नाव. मास्तरांचं नाव कुठंच नाही!

असं कसं? विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. यांनी दिला होता. पण एका जुन्या विश्वस्ताच्या पुतण्यानं हरकत घेतली. त्याचा डोळा वसतिगृहाच्या जागेवर. हरकत आली की प्रकरण कोर्टासारखं चालतं: नोटीस, म्हणणं, पुरावा, तारीख. पुतण्याला जिंकायची घाई नव्हती, लांबवलं तरी त्याचं भागत होतं. तोपर्यंत सरकारदरबारी संस्था मेलेल्यांची. बँक सह्यांवर अडून बसते. त्यातच एप्रिल 2021 पासून आयकराच्या सवलतीसाठी सगळ्या न्यासांना नव्यानं ऑनलाइन नोंदणी करायची होती. ती पदाधिकाऱ्यानं करायची आणि अभिलेखावरचा पदाधिकारी तर स्मशानात. म्हणजे जिनं चादर परत आल्याचीही नोंद ठेवली, ती कागदावर बोगस. आणि जिचं उत्तर प्रत्येक प्रश्नाला एकच, ती कागदावर सोळा आणे शुद्ध. मला त्या पुतण्यापेक्षा जास्त राग या व्यवस्थेचा आला. ती खोटं बोलत नाही, फक्त भलतंच खरं सांगते.

मिटिंगमध्ये मी सुचवलं की मालकांचे पैसे पहिल्या संस्थेला द्या, त्यांना सवलत हवी असेल. आमच्यातल्या बहुतेकांना आयकरच बसत नाही, तर आमचे मास्तरांना द्या. फोरमन म्हणाले, "दोन चेक कशाला? एकच मोठा दिला की फोटोत बरा दिसतो." अकाउंट्सवाले म्हणाले, उतारा जुळत नाही, विषय संपला. धाडीचा विनोद याच वेळचा. सगळे पैसे पहिलीला गेले.

आता गंमत बघा. त्या संस्थेनं काम केलं. शाळा सुरू होईपर्यंत सांगलीवाडीत दप्तरं वाटली, यादी पाठवली, पावती वेळेवर दिली. दप्तरांवर त्यांचं नाव हातभर होतं, पण आत कोऱ्या वह्याही होत्या. मी यादीतली दोन घरं गाठून बघितली, मिळाल्या होत्या. मी चिडून राहायची तयारी केली होती, तीही फुकट गेली.

तरी कुणी विचारलं तर मी सांगतो ते असं. नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासा. एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाईलवर पैसे टाकू नका. रोख देऊ नका, दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत तशीही मिळत नाही. ऑडिटचं ते एक पान बघा. आणि अभिलेखावर नाव नसलेल्या माणसाच्या सहीची पावती घेऊ नका.

दिवाळीत मी मास्तरांकडं जाऊन रोख पैसे दिले. त्यांनी पावती फाडली, खाली 'चिटणीस' म्हणून सही केली. कायद्यानं तिला कितपत अर्थ आहे, मला चांगलं माहीत होतं. आमच्या शॉपमधल्या कुणी हेच केलं असतं, तर त्याला अडवायला मीच पहिला पुढं झालो असतो.