पोत्यावरची जकात

जकात म्हटलं की आमच्या घरात रमजान आठवतो आणि बाहेर जकात नाका. शब्द एकच, अरबीतून आलेला. एक द्यायचा तो अल्लाहच्या हुकमाने, दुसरा सरकारच्या.

मी उल्हासनगरात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, राहतो अंबरनाथला. बदलापूरच्या पुढे चाचांचं दीड एकर भात आहे. २०२१ च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला, "अरे, तू हिशेबातला माणूस. बजेटमध्ये खतावरची जकात माफ झाली म्हणतात, मग पोतं महाग कसं?" लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती. रविवारी स्कूटर काढून गेलो.

माफी खरी होती. त्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात युरिया, डीएपी आणि पोटॅशवरचं पाच टक्के आयात शुल्क शून्यावर आणलं. पण त्याच दिवशी त्याच मालावर पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसवला. म्हणजे पाटी बदलली, रक्कम तीच. फरक एवढाच, की शुल्काच्या रकमेत राज्यांचा वाटा असतो, उपकर सगळा केंद्राकडे राहतो. चाचा म्हणाले, "म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात." मी म्हटलं, चाचा, तुमच्या खिशात नाही एवढं नक्की.

पोत्याचा भाव वेगळ्याच कारणाने चढला होता. पोटॅश आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. डीएपीसाठी लागणारा फॉस्फेटचा दगडही आपल्याकडे फार थोडा. तो जॉर्डन, मोरोक्कोहून येतो. तयार डीएपी सौदीतूनही येतं. (हे ऐकून चाचा हसले, "मग आपला भात हाजीच की!") जगात भाव चढले आणि डीएपीच्या नव्या पोत्यावर १९०० रुपये छापून आले. मग मे महिन्यातच केंद्राने पोत्यामागचं अनुदान ५०० वरून १२०० रुपये केलं, आणि शेतकऱ्याला पोतं १२०० लाच राहिलं. भाव सावरला तो अनुदानाने. आयात शुल्काची माफी आयातदाराच्या कागदावर होते, तिथून दुकानापर्यंत यायला तिला कुणी बांधलेलं नसतं. खतावर पाच टक्के जीएसटी आहे तो वेगळाच.

आणि १२०० ला तरी कुठे मिळालं? दुकानदाराने सोबत झिंकची पिशवी गळ्यात मारली. "नको असेल तर डीएपी संपलंय," म्हणाला. याला लिंकिंग म्हणतात, बेकायदा आहे, आणि ऐन पेरणीत तक्रार करत बसायला वेळ कुणाला असतो! मीही गप्प बसलो, हिशेबातला माणूस असून.

दिवाळीनंतर भात झोडून झाला. पावसावरच्या पिकाचा उश्र दहावा हिस्सा, पाणी विकत घेऊन पिकवलं तर विसावा. चाचांनी मौलानांना विचारलं, खताचा खर्च आधी वजा करू का? मौलाना म्हणाले, आपल्या शाफई मजहबात खर्च वजा होत नाही. मला वाटलं चाचा कुरकुर करतील. त्यांनी पडवीत तराजू टांगला, दर दहावं माप बाजूला काढलं, आणि धान्याचा कण सांडला तोही वेचून त्याच ढिगात टाकला.

झिंकची पिशवी तिथेच कोनाड्यात होती, न फोडलेली.